राजीनाम्यावर कारण "घरगुती": नर्स नोकरी का सोडतात, जरा सोपं करून

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका स्टाफ नर्सने राजीनामा दिला. बीएससी झालेली, सातारकडची पोरगी, जॉइन होऊन जेमतेम आठ महिने. एचआरच्या फॉर्मवर "नोकरी सोडण्याचे कारण" असा एक रकाना असतो, त्यात तिने लिहिलं "घरगुती". तिच्या आधी गेलेल्या ब्रदरनेही (म्हणजे पुरुष नर्स) तेच लिहिलं होतं आणि त्याच्या आधीच्या दोघींनीही. मी सध्या ट्रेनिंगचं काम बघते त्यामुळे हे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात, आणि सगळे एकत्र ठेवून वाचले तर वाटेल की जगातल्या सगळ्या घरगुती अडचणी नर्सांच्याच वाट्याला आल्यात की काय.

घरगुती म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहितीये कारण मी पण लिहिलंय. अकरा वर्षं वॉर्डात काढली, तीन हॉस्पिटलं सोडली, एक लग्न झालं म्हणून, एक पगारासाठी, आणि एक फक्त एका इन्चार्ज सिस्टरमुळे (वॉर्डाची प्रमुख नर्स). फॉर्मवर तिन्ही वेळा घरगुतीच. खरं कारण लिहायची सोयच नसते, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट अडकतं, आणि पुढच्या हॉस्पिटलची मेट्रन (सगळ्या नर्सांची प्रमुख) आधीच्या मेट्रनला फोन लावून "कशी आहे हो मुलगी" असं विचारणार हे ठरलेलं, कारण दोघी एकाच बॅचच्या असतात.

तर आजचा विषय वर्कप्लेस बुलिंग. याला मराठीत नेमका शब्द नाहीये आणि हीच पहिली अडचण आहे. छळ म्हटलं की सासर आठवतं, दादागिरी म्हटलं की कॉलर धरलेली डोळ्यांपुढे येते, आणि नुसता "त्रास" म्हटलं तर "त्रास कुठे नसतो गं" म्हणून लोक चहा प्यायला जातात. त्यातल्या त्यात जवळचा शब्द रॅगिंग, नोकरीतलं रॅगिंग.

हे दिसतं कसं ते सांगते. सकाळचे पावणेआठ, नाईटची पोरगी ओव्हर देतेय (हॅन्डओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवण्याला, आमच्यात सगळे ओव्हरच म्हणतात). बारा तास झालेत, रात्री दोन ॲडमिशन झाल्यात, एक पेशंट आयसीयूत शिफ्ट केलाय. बेड नंबर ९ ला आल्यावर इन्चार्ज विचारते, "पोटॅशियम किती?" ती म्हणते, "सिस्टर, रिपोर्ट अजून आला नाही, लॅबला दोनदा फोन केला." "फोन केला म्हणजे? गेली का नाहीस घ्यायला? बीएससी ना तू? चार वर्षं कॉलेजात काय करत होतीस?" नातेवाईक बघतायत, मावशी फरशी पुसता पुसता थांबल्यात, मॉर्निंगच्या दोघी एकमेकींकडे बघून हळूच हसतात. मग लिनन मोजायचं, इन्व्हेंटरीत एक थर्मामीटर कमी निघतो, तो हिच्या नावावर. निघायला पावणेदहा होतात. आठवड्याने ड्युटीचा नवीन चार्ट लागतो तर त्यात हिच्या परत नाईट, सलग तिसऱ्यांदा, आणि भावाच्या साखरपुड्याला मागितलेला ऑफ गायब.

आता यातलं काय काय कंप्लेंटमध्ये लिहाल? पोटॅशियम विचारणं इन्चार्जचं कामच आहे. थर्मामीटर खरंच कमी होता. नाईट कुणाला तरी लावावीच लागते. एकेक गोष्ट वेगळी काढली तर एवढीशी, आणि तक्रार केलीच तर तक्रार करणारीच बालिश दिसते.

म्हणूनच या विषयावर काम करणाऱ्या लोकांनी व्याख्या करताना एकेक प्रसंगाला फार किंमत दिली नाही, त्यांनी मोजलं ते किती वेळा होतंय आणि किती दिवस चाललंय. स्वीडनमध्ये हाइन्झ लायमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर काम सुरू केलं, त्याचं माप असं की निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने सतत. पुढे नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या स्टोले आयनारसन यांनी २२ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ती आज जगभर नर्सांवरच्या अभ्यासात वापरतात. तुम्हाला कामासाठी लागणारी माहिती मुद्दाम दिली जात नाही का, तुमच्या लायकीपेक्षा खालचं काम सांगितलं जातं का, झालेल्या चुकीची परत परत आठवण करून दिली जाते का, हक्काची रजा मागू नका असा दबाव येतो का, झेपणारच नाही एवढं काम दिलं जातं का, अशी ती यादी. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी डोक्यातल्या डोक्यात टिक मारत गेले आणि दहानंतर मोजायचं सोडलं. शिवाय त्यात एक अट असते ती महत्त्वाची, समोरच्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणजे ताकद सारखी नसते. दोन बरोबरीच्या सिस्टरांचं कडाक्याचं भांडण झालं तर ते भांडण, बुलिंग नाही. पेशंट अरेस्टला गेलाय (हृदय बंद पडलंय) आणि कुणी तुमच्यावर ओरडलं "ॲड्रिनलिन दे, बघत काय बसलीस" तर तेही बुलिंग नाही, त्या वेळी "प्लीज" म्हणायला कुणाला वेळ नसतो. ड्रेसिंगचा ट्रे चुकीचा लावला म्हणून बाजूला घेऊन झापलं तर तेही नाही, उलट असं झापणाऱ्या एका सिस्टरमुळेच मला ॲसेप्टिक टेक्निक (जंतू लागू न देता काम करायची पद्धत) आयुष्यभरासाठी बसलं.

नर्सिंगमधल्या बुलिंगचं खास हत्यार म्हणजे ड्युटी चार्ट. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही. ऑफिसात बॉस फार तर मेल टाकेल, मीटिंगला बोलावणार नाही, पण आमच्याकडे इन्चार्जच्या हातात तुमची झोप असते, मासिक पाळी चालू असताना नाईट करायची की नाही ते असतं, मुलाच्या शाळेतलं गॅदरिंग असतं, दिवाळीला गावाला जायचं तिकीट असतं. पुरावाही काही राहत नाही, कारण चार्ट पेन्सिलीने लिहिलेला असतो. दुसरं हत्यार पेशंटची वाटणी, सगळे जड पेशंट, बेडरिडन, ट्रेकिओस्टॉमीवाले (गळ्यातून श्वासाची नळी घातलेले), नवीन पोरीला आणि डिस्चार्जवाले आपल्या मैत्रिणींना. तिसरं म्हणजे न बोलणं. चहाला सगळ्या मिळून जातात आणि एकीला "तू थांब गं वॉर्डात" म्हणतात, रोज त्याच एकीला.

कुणाला, हे पण बघायला पाहिजे. जीएनएमवाल्या (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) सीनियर असतील तर बीएससीवाल्या पोरीला टोमणे, बीएससीवाल्या जास्त असतील तर जीएनएमवालीला. परमनंट स्टाफ कॉन्ट्रॅक्टवालीला "चार दिवसांची पाहुणी" म्हणणार. केरळच्या मुलींच्या मराठीची नक्कल, विदर्भातल्या मुलीच्या बोलण्याची नक्कल. आणि आडनाव विचारून मग वागणं बदलणं हेही होतं, ते होत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा नाईटच्या डब्यात कोण कुणाची भाजी घेत नाही ते बघावं.

आता माझी बाजू. एका वर्षी मी सर्जिकल वॉर्डात सीनियर होते, नवीन एक मुलगी आली, बिचारी हळू होती, कॅन्युला (शिरेत लावायची सलाईनची नळी) लावताना हात थरथरायचा. मी तिला तीन महिने कॅन्युलाच लावू दिली नाही. सगळ्यांसमोर म्हणायचे, "तू टीपीआर घे, ते तुला जमतं." (टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणं.) मला वाटायचं मी पेशंटचा त्रास वाचवतेय. ती नोकरी सोडून गेली, आणि आमच्या वॉर्डात सगळ्यांचं एकमत झालं की तिला नर्सिंग झेपतच नव्हतं. ती २२ प्रश्नांची यादी वाचताना माझ्या स्वतःच्या आठवणींच्या टिका मारून झाल्या आणि मग ही मुलगी आठवली. लायकीपेक्षा खालचं काम, चुकीची परत परत आठवण. दोन्हीवर माझं नाव.

अमेरिकेत ज्युडिथ माइसनर यांनी १९८६ साली एका लेखात नर्सांना उद्देशून विचारलं होतं की आपण आपलीच पिल्लं खातोय का, आणि ते वाक्य नंतर सगळीकडे इतकं फिरलं की नर्सिंगची ओळखच होऊन बसलं. आपल्याकडे कुणी असा लेख लिहिला असता तर सासू-सुनेचं उदाहरण दिलं असतं, आम्ही सोसलं आता तुम्ही सोसा. मला ते उदाहरण अर्धं पटतं. सोसलेलं माणूस पुढे देतं हे खरं, पण त्यातून "बायका म्हटल्यावर असंच" असा जो सूर निघतो तो खोटा आहे, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यात वाईट छळ करणारा एक ब्रदर होता, आणि ऑपरेशन थिएटरात सर्जन लोक जे करतात ते काही सासूच्या नात्याने करत नाहीत.

याचं जास्त बरं उत्तर १९८३ मध्ये सुसन रॉबर्ट्स यांनी दिलं. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं तर वड्याचं तेल वांग्यावर. ज्या गटाला वरून कायम दाबलेलं असतं, डॉक्टर ओरडणार, मॅनेजमेंट पगार कापणार, नातेवाईक अंगावर येणार, त्या गटाला राग वर काढता येत नाही, मग तो शेजारी नाहीतर खाली निघतो. मोठ्या सर्जनला "सर, तुम्ही ऑर्डरच लिहिली नव्हती" असं म्हणायची हिंमत इन्चार्जला होत नाही, ती राऊंड संपल्यावर ज्युनियरला धरते. हे माफ करायचं कारण नाही, पण इन्चार्ज बदलली तरी प्रकार का थांबत नाही ते यातून कळतं.

दुसरं कारण साधं गणिताचं आहे आणि माझ्या मते तेच खरं मूळ आहे. ३० बेडचा वॉर्ड धरा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मापाने जनरल हॉस्पिटलात ५ पेशंटमागे १ नर्स, म्हणजे एका शिफ्टला ६ पाहिजेत, शिकाऊ डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात तर ३ मागे १. आता प्रत्यक्षात असतात दोन, दोन धरून चला. तीन शिफ्ट, दोन-दोन जणी, रोजच्या ६ ड्युट्या, आठवड्याच्या ४२. एक जण आठवड्याला ६ ड्युट्या करणार, म्हणजे ७ जणी लागल्या. वर रजा, आजारपण, बाळंतपण यासाठी कौन्सिल ३० टक्के जास्त माणसं धरायला सांगतं, ती धरली तर ९. पण असतात सातच. आता त्या सातातली एक सोडून गेली. सहा जणी गुणिले सहा, ३६. आठवड्याला ६ ड्युट्या उघड्या पडल्या आणि माणसंही सहाच, म्हणजे सहाही जणींचा वीकली ऑफ गेला. कुणी आजारी पडलं की डबल ड्युटी. या सहा जणींच्या हातात तुम्ही एक फ्रेशर द्या आणि म्हणा हिला शिकवा. कोण शिकवणार? प्रश्न विचारणारी पोरगी म्हणजे त्या दिवशी अजून एक पेशंट. तिच्यावर खेकसलं जातं, ती दोन-तीन महिन्यांत जाते, परत ६ ड्युट्या उघड्या. मॅनेजमेंटला हे "ॲट्रिशन" म्हणून एक्सेलमध्ये दिसतं आणि ते नवीन फ्रेशर भरती करतात, तेही बाँडवर (ठरावीक काळ सोडून जाणार नाही असं लिहून घेऊन), म्हणजे टोपलीला भोक आहे म्हणून पाणी जास्त ओतायचं.

पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांवर लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक मोठा अभ्यास केला होता, त्यात प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि नर्स पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. लोक यातला पहिला आकडा सांगतात, मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो कारण पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते. अमेरिकेतली हॉस्पिटलं निदान हिशोब तरी ठेवतात, एक नर्स गेली की नवीन शोधणं, शिकवणं, मधल्या काळात जास्तीचे पैसे देऊन माणसं आणणं असं सगळं धरून अलीकडच्या काही वर्षांत सरासरी ५० हजार डॉलरच्या वर खर्च काढलाय त्यांनी. आपल्याकडे हा खर्च कुठल्याच वहीत नसतो कारण तो राहिलेल्या सहा जणींच्या अंगातून वसूल होतो.

दक्षिण कोरियाचं उदाहरण इथे सांगायलाच पाहिजे, कारण त्यांनी या प्रकाराला नाव दिलंय. तिथे नर्स याला "तेउम" म्हणतात, म्हणजे जाळणं, नवीन मुलीला जाळून राख होईपर्यंत. २०१८ च्या फेब्रुवारीत सोलमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या आयसीयू नर्सने आत्महत्या केली, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. २०१९ च्या जानेवारीत सोलमध्येच अजून एक. नर्स रस्त्यावर आल्या. पहिल्या केसमध्ये तिथल्या कामगार भरपाईच्या यंत्रणेने तो मृत्यू कामामुळे झालेला मानला, आणि कारण देताना पुरेसं न शिकवता आयसीयूचा एवढा भार टाकला हे धरलं. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. कोण किती वाईट बोललं याच्या पलीकडे जाऊन न शिकवता कामावर टाकणं हीच इजा, असं एका सरकारी यंत्रणेने कागदावर मान्य केलं. मग १६ जुलै २०१९ पासून तिथे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदा लागू झाला, तक्रार आली की मालकाने चौकशी करायचीच, आणि तक्रार करणारीला त्रास दिला तर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने सगळं थांबलं असं कुणी म्हणत नाही. पण निदान आता तिथली मुलगी फॉर्मवर लिहू शकते असा एक शब्द आहे.

आपल्याकडे बघा गंमत. नर्सिंग कॉलेजात असेपर्यंत मुलीला १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा आहे, सीनियरने छळलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली तेव्हा त्या पीजीला शिकत होत्या म्हणून त्या केसमध्ये हा कायदा लागला, शिवाय ॲट्रॉसिटी. पण हीच मुलगी कोर्स संपवून स्टाफ म्हणून जॉइन झाली, त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरांच्या हाताखाली, की तो कायदा संपला. लैंगिक त्रास असेल तर २०१३ चा कायदा आहे आणि कमिटी आहे. नातेवाइकाने हात उचलला तर २०१० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटी आहे. आणि या कशातच न बसणारं, म्हणजे चार्ट, टोमणे, वाळीत टाकणं, सर्टिफिकेट अडवणं, म्हणजे रोजचं जे ९० टक्के असतं (हा माझा अंदाज, अभ्यास नाही), त्यासाठी थेट असा कायदाच नाही.

सर्टिफिकेटावरून आठवलं. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात केरळच्या एका तरुण नर्सने आत्महत्या केली, तेव्हा बाँडचा आणि ओरिजिनल कागद अडकवून ठेवण्याचा प्रश्न पहिल्यांदा पेपरात मोठा झाला, मुंबई, दिल्ली, केरळ इथे नर्सांचे संप झाले, आणि त्याच वर्षी त्रिशूरला युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. पुढे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये २९ जानेवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सांचे पगार आणि कामाची परिस्थिती बघायला कमिटी नेमायला सांगितली. त्या कमिटीने सांगितलं की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढाच पगार द्या, आणि ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली जाऊ नका. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. केरळने २०१८ मध्ये किमान पगार २० हजार केला, तोही मोठ्या संपांनंतर. महाराष्ट्रातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये आज काय देतात ते कुठल्याही सिस्टरला खासगीत विचारा.

पगार कमी असतो म्हणून मुली जातात असं मॅनेजमेंट म्हणतं, आणि पगार कमी असतोच. पण दोन हजार जास्त मिळतात म्हणून कुणी आठव्या महिन्यात रूम सोडून, डिपॉझिट बुडवून दुसऱ्या शहरात जात नाही. पगार कमी असला की माणूस दुसरी नोकरी शोधत शोधत काम करत राहतं, पण सकाळी ड्युटीला जाताना रिक्षात पोटात गोळा येत असेल तर ते शोधायलाही थांबत नाही.

पेशंटचं यात काय जातं? बरंच. नवीन नर्सला ऑर्डर वाचून शंका आली, डोस जरा जास्त वाटतोय, शून्य आहे की टिंब, पण कालच "एवढं पण कळत नाही का" ऐकलेलं असेल तर ती विचारणार नाही. अमेरिकेत औषधांच्या चुकांवर काम करणाऱ्या एका संस्थेने २००३ मध्ये सर्व्हे केला तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांनी मान्य केलं की आधी कुणी दमदाटी केली असल्यामुळे शंका विचारण्याची आपली पद्धत बदलली. आणि एमी एडमंडसन यांचा १९९६ चा अभ्यास तर मला भयंकर आवडतो. त्यांनी नर्सिंगच्या आठ युनिटमध्ये बघितलं, अपेक्षा अशी की जिथे टीम चांगली तिथे औषधांच्या चुका कमी, आणि निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये चुका जास्त! मग कळलं की चुका जास्त नव्हत्या, तिथे लोक चुका सांगत होते. त्यामुळे एखादा वॉर्ड "आमच्याकडे वर्षभरात एकही मेडिकेशन एरर नाही" असं एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी संस्था) ऑडिटला छाती फुगवून सांगतो तेव्हा मी आधी त्या वॉर्डातल्या सगळ्यात ज्युनियर पोरीकडे बघते.

उपाय काय, तर बॉस्टनमध्ये मार्था ग्रिफिन यांनी २००४ मध्ये २६ नवीन नर्सांवर एक छोटा प्रयोग केला. त्यांना बुलिंग म्हणजे काय ते शिकवलं आणि आयकार्डच्या मागे लावायला एक छोटं कार्ड दिलं, त्यावर कोणत्या वेळी काय म्हणायचं ती वाक्यं. कुणी डोळे फिरवले, तोंड वाकडं केलं तर काय म्हणायचं, माहिती लपवली तर काय म्हणायचं, सगळं आधी घोकून ठेवायचं म्हणजे त्या क्षणी तोंडातून शब्द फुटतो. ज्यांनी ती वाक्यं वापरली त्यांच्या बाबतीत प्रकार थांबला असं त्यांनी सांगितलं. २६ जणी म्हणजे फारच कमी आहेत, आणि सगळ्यात दुबळ्या माणसानेच धीर धरावा ही अपेक्षा मला पूर्ण पटत नाही. तरी आम्ही मराठीत करून बघितलं. "सिस्टर, तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंय माझं काहीतरी चुकलंय, मला बाजूला घेऊन सांगाल का?" हे वाक्य चालतं, जादूसारखं नाही पण चालतं, "बाजूला घेऊन" या दोन शब्दांमुळे. "हे मला कुणी दाखवलेलं नाही, एकदा तुमच्यासमोर करते" हे त्याहून जास्त चालतं. ब्रदर लोकांना मात्र यातलं काही म्हणायला लाज वाटते, ते गप्प बसतात आणि एक दिवस एकदम राजीनामाच देतात.

बाकी जे काम करतं ते कंटाळवाणं आहे. नवीन मुलीला शिकवायला जी सीनियर दिलीय तिचे पेशंट त्या काळात कमी करायचे, नाहीतर "प्रिसेप्टर" हा नुसता बिल्ला. चार्ट महिना संपायच्या आधी चांगला आठवडाभर लावायचा, पेनाने, आणि बदल केला तर कुणी का केला ते शेजारी लिहायचं. नाईटचा हिशोब वर्षाचा ठेवायचा म्हणजे कुणाला किती लागल्या ते आकड्यात दिसतं. एक्झिट इंटरव्ह्यू त्या वॉर्डाबाहेरच्या माणसाने घ्यायचा, आणि सर्टिफिकेट हातात दिल्यावर घ्यायचा, आधी नाही.

आणि ज्या आत्ता त्यातून जातायत त्यांच्यासाठी: तारीख, वेळ, शब्द, कोण समोर होतं, एवढं रोज मोबाइलमध्ये लिहून ठेवा, चार्टचा फोटो काढा, बदलायच्या आधीचा आणि नंतरचा. ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. तक्रार तोंडी करू नका, आणि एकटी जाऊ नका. जीव नकोसा वाटायला लागला असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं.

त्या सातारच्या मुलीला मी दोन आठवड्यांनी फोन केला, सर्टिफिकेट मिळाल्याची खात्री करून. ती पुण्यात जर्मनचा क्लास करतेय, महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केल्यापासून आमच्याकडच्या अर्ध्या मुली तोच क्लास करतायत. मी विचारलं, काय केलं असतं तर थांबली असतीस? मला वाटलं पगार म्हणेल, नाहीतर त्या इन्चार्जचं नाव घेईल. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मॅडम, चार्ट पंचवीस तारखेला लागला असता ना, तर मी साखरपुड्याचं तिकीट काढू शकले असते."

मी हे मेट्रनना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. या महिन्याचा चार्ट एकतीस तारखेला रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, पेन्सिलीने लिहिलेल्या कागदाचा फोटो.